अरेस्टर आहे, आर्थिंग कुठे आहे?

महोदय,

वळवाचा पहिला तडाखा बसला की तासगाव-कवठेमहांकाळ भागात मोडेम जळाल्याची ओरड सुरू होते आणि 'वीज पडली' एवढ्यावर विषय मिटतो. टेलिफोनच्या लाइनवर काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून सांगतो: बहुतेक वेळा वीज घरावर पडलेलीच नसते. ती शेजारच्या शिवारात कोसळली तरी खांबावरच्या तारेत क्षणभर हजारो व्होल्ट येऊ शकतात. टेलिफोनच्या जोडीवर एरवी असतात ४८ व्होल्ट डीसी, घंटी वाजताना ७५च्या आसपास.

एक्स्चेंजमध्ये यासाठी एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवर, गॅस ट्यूब असतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले की ट्यूबमधला वायू वाहक होतो आणि झटका जमिनीत जातो. ग्राहकाकडे मात्र झटका जमिनीत सोडणारी अशी डबी, म्हणजे अरेस्टर, बसवली तरी तिची आर्थिंगची हिरवी वायर भिंतीवर लोंबत असते. आर्थिंग नसलेला अरेस्टर म्हणजे भोक नसलेली मोरी!

काही हौशी मंडळी फोनसाठी अंगणात वेगळा रॉड ठोकतात. हे तर आणखी वाईट. झटका आला की घरातल्या दोन आर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. मोडेमला एकीकडून टेलिफोनची तार, दुसरीकडून विजेचा अडॅप्टर, आणि तो फरक मोडेमच्या पोटातून वाट काढतो. अरेस्टरची वायर मीटरजवळच्या आर्थिंगलाच जोडायला हवी, तीही आखूड आणि सरळ, वेटोळे न करता.

फोनमधली घरघर हे वेगळे दुखणे. अकरा केव्हीच्या लाइनीशेजारून तार गेली की आवाज जोडीच्या दोन्ही तारांत सारखाच शिरतो, म्हणून कानाला जाणवत नाही. सांध्यात पाणी मुरून एका तारेला गळती लागली की समतोल बिघडतो. तिथे अरेस्टरचा उपयोग नाही, सांधाच नव्याने करावा लागतो.

'आता फायबर आले' असे कोणी म्हणेल. काचेतून वीज येत नाही, खरे. पण फायबरचा डबाही विजेच्याच सॉकेटवर चालतो आणि काही केबलींना आधाराची पोलादी तार असते, तीही सर्रास विजेच्या खांबाला बांधलेली.

जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी आर्थिंग तपासल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा शेरा मारू नये, आणि विजेच्या खांबांना बांधलेल्या केबलींच्या या पोलादी तारा पावसाळ्याआधी उतरवाव्यात.

— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)