हप्ता बारमाही, कमाई चार महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून आमच्या तालुक्याच्या स्टँडसमोर एक बॅनर लागलं आहे, सिबिल (कर्ज किती नीट फेडलं ते दाखवणारा आकडा) खराब असलं तरी जुनी गाडी फायनान्सवर भेटेल, फक्त आधार, पॅन आणि दोन फोटो आणा. मी त्याला भुललोच होतो, थोडक्यात वाचलो, आणि गावातली अजून चार-पाच पोरं त्याच दुकानाच्या चकरा मारून राहिली म्हणून हे पत्र.

मला गाडी पाहिजे होती जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातल्या कामासाठी. कापूस यायला लागला की दुसरी पाळी चालू होते, तिचे दिवसाला दीडशे रुपये जास्त भेटतात, पण ती सुटते रात्री बाराला आणि आमच्या गावाकडे शेवटची काळीपिवळी जाते संध्याकाळी सहाला. मधात १८ किलोमीटर. मग काय, पायी या नाहीतर कोणाच्या तरी मागे लटकून या.

माझं सिबिल ५८२. हा आकडा ३०० ते ९०० च्या मधात असतो, ७५० च्या वर असला की बँकेत बसायला खुर्ची देतात. माझा पडला तो एका मोबाईलपायी. लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, मग वसुलीवाल्याचा फोन आला की इतके भरा, मॅटर संपवून टाकतो, मी भरले आणि विसरून गेलो. रिपोर्टवर शेरा बसला 'सेटल्ड'. मी समजत होतो सेटल्ड म्हणजे फिटलं. ते तसं नसते, त्याचा अर्थ यानं कमी देऊन अंग काढलं, आणि तो शेरा पाहिला की बँकवाला फाईल बाजूला सरकवतो. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट पाहता येते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही.

तर गाडी. २०१६ ची स्प्लेंडर, किंमत ४८ हजार, ८ हजार रोख आणि ४० हजार फायनान्स. दुकानदार म्हणे, "एक नंबर कंडिशन हाय भाऊ, मास्तरची गाडी होती." (आमच्याकडे विकायला निघालेली प्रत्येक गाडी मास्तरचीच असते.) सकाळचे साडेनऊ झाले होते, दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं, आणि सोबतच्या मेकॅनिक मित्रानं इंजिनाला हात लावला तर गरम. तो मला हळूच म्हणाला, "आधीच तापवून ठेवली लेकानं, थंडी होऊ दे मंग पाहू." आम्ही समोरच्या टपरीवर तर्रीपोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, दीड तासानं परत आलो आणि किक मारायला लावली. चौथ्या किकला चालू झाली आणि सायलेन्सरमधून निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम डोक्यावर. वरून एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तर गाडीवर पहिल्या मालकाच्याच फायनान्सचा बोजा तसाच. सातबाऱ्यावर बोजा असला तर आपण वावर घेतो काय? मग गाडी कशी घेतो. त्या कंपनीचा ना-हरकत दाखला (एनओसी) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय बोजा उतरत नाही आणि तो उतरल्याशिवाय गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कितीही सह्या केल्या तरी गाडी खऱ्या अर्थानं आपली होत नाही.

आता व्याज. "दीड टक्का महिना, म्हणजे अठरा टक्के," असं तोंडी सांगितलं, दोन वर्षं, हप्ता २,२६७ रुपये. हे अठरा फ्लॅट असते, म्हणजे शेवटच्या महिन्यातही व्याज पूर्ण ४० हजारांवरच लागते, तुम्ही तोवर किती फेडलं याच्याशी त्याला घेणं नाही. व्याजच १४,४०० रुपये. बँकेसारखं उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर तोच दर साडेएकतीसच्या आसपास जाते, आणि फाईल चार्ज, विमा, कागदपत्र म्हणून ३,५०० आधीच कापून घेणार होते ते धरले तर चाळीसच्याही वर. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बँक असो की फायनान्स कंपनी, कर्ज देण्याआधी सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला कागद द्यायचा, तोही गिऱ्हाईकाला समजेल त्या भाषेत. मी तो कागद मागितला तर दुकानदार हसला आणि म्हणाला, "तुमाले गाडी पाह्यजे का कागद?"

घरी येऊन बायकोनं वहीवर हिशोब मांडला. काळीपिवळीचे जाऊन-येऊन ७० रुपये, २६ दिवसांचे १,८२०. गाडीचं पेट्रोल रोज ३६ किलोमीटरला जवळपास तेवढंच. म्हणजे भाड्यात बचत काहीच नाही, गाडी फक्त ते दीडशे कमवून देणार, महिन्याचे ३,९०० आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन हंगामांचे झाले ३१,२००, आणि हप्ते ५४,४०० चे, वरून ते ८ हजार आणि पिस्टन वेगळा. जून-जुलैत, बियाणं-खतात हात गुंतलेला असताना, २,२६७ कुठून आणायचे? तिथंच दोन हप्ते चुकतात आणि मग गाडी ओढून नेतात. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायची मनाई आहे, पण गावात त्याआधी बातमी पोहोचते.

शेवटी गावातल्याच दूधवाल्याची २०१३ ची प्लॅटिना २६ हजारात घेतली. सहा हजार जवळचे, वीस हजार बायकोच्या बचत गटातून, महिन्याला एक टक्का, उरलेल्या रकमेवर. वर्षभरात व्याज १,३०० च्या आसपास. तिची आरसी २०२८ ला संपते, मग पासिंगचा खर्च आहे, सीटही फाटकी आहे, पण थंडीत दुसऱ्या किकला चालू होते. ज्याचं काम बारमाही आहे, दूध, डिलिव्हरी, फेरीचा धंदा, त्याला कदाचित महागडं फायनान्सही परवडेल, तो हिशोब त्यानं आपल्या वहीवर करावा.

त्या मोबाईलच्या फायनान्स कंपनीचे उरलेले पैसे भरून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करायला मी अर्ज आणि तक्रार दोन्ही दिली आहे. ३० दिवसांत निकाल नाही लावला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते म्हणतात, आज बाविसावा दिवस आहे.

आपल्याला एकच विनंती, तो व्याजाचा कागद कसा दिसतो त्याचा मराठी नमुना एकदा पेपरात छापा, चांगला मोठा. मी तो कापून स्टँडवरच्या त्या बॅनरच्या बाजूला लावतो.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ