मानेतली नळी घालताना डोकं किती खाली?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मानेतल्या मोठ्या नसेत एक नळी घालावी लागते. हीच सेंट्रल लाइन. जोरकस औषधं हृदयाच्या तोंडाशी पोचवायची आणि तिथला दाब मोजायचा, हे तिचं काम. सुई कशी टोचावी यावर भरपूर बोललं जातं. त्याआधी पेशंटला टेबलावर कसं झोपवावं, यावर फारच कमी. पुष्कळशी जोखीम तिथेच ठरते, म्हणून हे पत्र.

शिरस्ता असा की पेशंट उताणा आणि टेबल डोक्याकडून १० ते १५ अंश खाली. त्याने मानेतली उजवी मोठी नस (इंटर्नल ज्युग्युलर) फुगते आणि सुईला सापडते. दुसरं कारण अधिक मोलाचं. नसेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त राहतो. एरवी, सिरिंज सुटलेली असताना जाग्या पेशंटने खोल श्वास घेतला, तर उघड्या सुईतून हवा आत ओढली जाते. १४ गेजच्या जाड सुईतून, अवघ्या ५ सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबफरकाने, सेकंदाला सुमारे १०० मिलीलिटर हवा जाऊ शकते. म्हणून सिरिंज सुटली की सुईच्या तोंडावर अंगठा हवाच. हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल, तर थोडीशी हवाही पलीकडे जाऊन मेंदू गाठू शकते.

पण हा शिरस्ता सरसकट लावणं चूक आहे. हृदय थकलेलं असेल, मायट्रल झडप फार अरुंद असेल, तर फुप्फुसांत रक्त आधीच तुंबलेलं असतं. असा माणूस रात्री तीन उशा घेऊन झोपतो. त्याचंच डोकं खाली केलं की पायांकडचं रक्त छातीत येतं, धाप लागते, तोंडावर निर्जंतुक चादर असल्याने तो घाबरतो आणि उठू पाहतो. सुई मानेत असताना! बरं, त्याची गरजही नसते. त्याची नस बहुधा आधीच टम्म असते. सोनोग्राफीचा प्रोब अगदी हलका टेकवून बघावं (दाबला तर नस चपटी होऊन फसवते). नस भरलेली दिसली की टेबल सपाट ठेवूनही काम होतं. काहींना भूल देऊन, व्हेंटिलेटरवर घेतल्यावरच नळी घालणं बरं. मात्र तेव्हा डोकं खाली केलं, तर श्वासनळीतली नळी आत सरकून एकाच फुप्फुसात जाऊ शकते. दोन्ही बाजूंचा श्वास पुन्हा ऐकावा.

मान वळवताना सर्वांत जास्त चुका होतात. डोकं डावीकडे जितकं जास्त वळवाल, तितकी नस मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या वर येते. ३० अंशांपर्यंत ठीक. हनुवटी खांद्याकडे नेली, तर नसेच्या आरपार गेलेली सुई थेट धमनीत. प्रोबवर नस धमनीच्या शेजारी दिसेपर्यंत मान परत मध्याकडे आणत राहावं. खांद्यांखालची चादरीची गुंडाळीही पातळच हवी. मान फार ताणली की नस चपटी होते. बारीक सुई धमनीत गेली तर दाबून धरता येतं. नळीसाठी वाट रुंद करणारा जाड डायलेटर गेला तर गोष्ट वेगळी, कारण पुढे शस्त्रक्रियेत किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायचं असतं. म्हणून डायलेटरआधी गाइडवायर, म्हणजे ज्या तारेवरून तो सरकवतात ती, नसेतच आहे हे प्रोबने पाहावं, आणि जाड नळी धमनीत गेलीच तर ती उपसू नये. तशीच ठेवून सर्जनला बोलवावं.

टेबल पुन्हा सपाट झालं की दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणायचा राहून जातो. १० सेंटिमीटरची चूक म्हणजे पाऱ्याच्या ७ मिलिमीटरहून जास्त फरक, आणि त्या आकड्यावर औषध ठरतं.

नळी काढतानाही हाच विचार हवा. पेशंट खुर्चीत बसलेला असताना ती काढू नये. उताणं झोपवून, धाप सोसत असेल तेवढं डोकं खाली करून, श्वास सोडून रोखायला सांगावं. नंतर किमान ५ मिनिटं दाब, वर हवाबंद पट्टी, आणि अर्धा तास झोपूनच.

पेशंटने आणि घरच्यांनी भूलतज्ज्ञाला तीन गोष्टी न विचारताही सांगाव्यात: रात्री किती उशा लागतात, सपाट झोपल्यावर किती वेळात धाप लागते, आणि मान वळवली की दुखतं किंवा चक्कर येते का.

आपला,
हृदयशस्त्रक्रिया विभागातील एक भूलतज्ज्ञ