ताई, त्या दोन चक्रांबद्दल

ताई, सादर नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं कळलं. निरोप द्यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात तुम्ही पीक बघायला औसा तालुक्यातल्या आमच्या रानात आलात, तेव्हा माझ्या हातात दुकानदाराची चिठ्ठी होती. सोयाबीन 35 दिवसांचं, आणि मधूनमधून पानं माना टाकून वाळत होती. आधी वाटलं, कोळप्याचा धक्का लागला असेल. मग घाबरून दुकान गाठलं. त्याने तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितली. उधारीवर आणायला निघालोच होतो.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि घडी करून परत दिलीत. मग चिखल न बघता सरळ तासात उतरलात. वाळलेल्या पानाचा देठ माझ्यासमोर धरलात. त्यावर दोन बारीक चक्रं, अर्ध्या पेराच्या अंतरावर, ब्लेडने गोल खाप घेतल्यासारखी. नखाने देठ चिरलात. आत पिवळट, बिनपायाची अळी वळवळत होती. "हा चक्रीभुंगा. मादी दोन चक्रं पाडून मध्ये अंडं घालते. अळी खोडात उतरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही," तुम्ही म्हणालात. वीस वर्षं सोयाबीन करतोय, ती अळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग पाच ठिकाणी वीस-वीस झाडं मोजायला लावलीत. 100 झाडांत 11 ना चक्रं. उपाय याआधीच करायला हवा होता, म्हणजे आम्हाला उशीरच झाला होता. तरी औषधाआधी तुम्ही खुरपायला आलेल्या बायकांना बोलावलंत आणि चक्राच्या खालून देठ तोडून पिशवीत भरायला शिकवलंत. आम्ही ते खड्ड्यात पुरले. नंतर एकच औषध: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के, एकरी 60 मिली, 200 लिटर पाण्यात. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, आणि मास्क-हातमोज्यांशिवाय पंपाला हात लावायचा नाही, हे तर तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत.

सगळं वाचलं नाही. ओढ्याकडच्या पट्ट्यात आम्ही देठ तोडायला गेलोच नव्हतो. तिथली झाडं काढणीआधी जमिनीपासून वीतभरावर मोडून पडली. बाकीच्या रानाची रास मात्र घरात आली, आणि दुकानाची उधारी झाली नाही. इतकी गावं तुमच्याकडे, तरी त्या हंगामात तुम्ही आमच्या बांधावर तीनदा आलात. ताई, हे मी विसरणार नाही. मनापासून आभार.

यंदा तुम्ही सांगितल्याप्रमाणे कडेने ढैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरलाय, भुंगा आधी तिकडे वळावा म्हणून. परवा आईने रानातून हाक मारली. तिच्या हातात देठ होता, चिरलेला, आणि तळहातावर अळी. "त्या ताईला कळव," म्हणाली.