‘प्लॅनेटिस’चा शेवट

प्रिय संदीप,

तुझं पत्र मिळालं. अंतराळातला कचरा वेचणाऱ्यांवरची ती जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, ‘प्लॅनेटिस’, तिचे सव्वीसही भाग बोटीवर पाहिलेस हे वाचून आनंद झाला. पण शेवटचा भाग ‘गुळमुळीत’ वाटला, हे वाचून बेचैन झालो. काल रात्री तो पुन्हा पाहिला आणि आता तुझ्याशी भांडायला बसलोय.

तुझी तक्रार कळते मला. त्याआधी चंद्रावर काय जीव टांगणीला लागतो! कचरा-विभागातली तानाबे जखमी क्लेअरला पाठीवर घेऊन चालतेय, तानाबेचा ऑक्सिजन संपत आलाय, आणि दहशतवाद्यांना साथ दिलेल्या त्या क्लेअरच्याच पोशाखात अजून थोडा शिल्लक आहे. तानाबेने काय केलं, हे आपल्याला लगेच कळूही देत नाहीत. (तानाबेचं पहिलं नाव ‘आइ’, जपानीत त्याचा अर्थ प्रेम. मालिकाभर प्रेमाच्या गप्पा मारते म्हणून सगळे तिच्यावर वैतागतात, आणि परीक्षा नेमकी तिचीच.) एवढं झाल्यावर शेवटी काय, तर चाकाच्या खुर्चीतली तानाबे, शेजारी तिचा सहकारी आणि प्रियकर हाचिमाकी आणि शब्दांचा खेळ.

पण तो खेळ तू नीट ऐकलास का? ‘शिरितोरी’ म्हणजे आपल्या भेंड्याच रे. समोरच्याच्या शब्दाचं शेवटचं अक्षर घ्यायचं आणि नवा शब्द सांगायचा. आपण लहानपणी मुद्दाम एकमेकांना ‘ळ’ द्यायचो आणि ‘ळ’चा ‘ल’ चालतो की नाही यावरून भांडायचो, आठवतं? आपल्यात ‘ळ’ आला की समोरचा अडकतो. जपानीत उलटं आहे. तिथे सुट्या ‘न्’ने शब्द सुरूच होत नाही, म्हणून ‘न्’वर संपणारा शब्द जो बोलेल तोच हरतो. खेळता खेळता हाचिमाकी म्हणतो, “केक्कोन शियोउ”, म्हणजे लग्न करू या. शेवटी ‘उ’. तानाबेचं उत्तर, “उन्”. म्हणजे हो. त्या एका अक्षराने ती खेळ हरते. भाषांतरातल्या ओळी वाचत बसलं की हे हातातून निसटतं. माझंही पहिल्यांदा निसटलं होतं.

या हाचिमाकीकडे पाहा. गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या जहाजावर जागा मिळावी म्हणून त्याने सगळ्यांना दूर लोटलं, एकट्याने जगता येतं असं स्वतःला पटवलं. तोच आता सात वर्षांसाठी निघायच्या आधी आपला शब्द दुसऱ्याच्या शब्दाला जोडतोय. यापेक्षा मोठा स्फोट मला नको होता.

दहशतवाद्यांना मिळालेल्या हाकिमचं मात्र मलाही पटलं नाही. श्रीमंत देशांनी अंतराळ वाटून घेतलं आणि गरीब देशांच्या वाट्याला काहीच आलं नाही, हा त्याचा राग खरा आहे. चंद्रावर जन्मलेल्या नोनोच्या एका भेटीत तो विरघळल्यासारखा दाखवलाय. क्लेअरच्या देशाची, एल तानिकाची, जखम तर उघडीच राहते. दिग्दर्शक गोरो तानिगुचींनी यासाठी अजून एक भाग घ्यायला हवा होता.

कचरा वेचणाऱ्या यानाची कप्तान फी, तिचा कचरा-विभाग चालूच राहतो, हे मात्र मला फार आवडलं. सगळी गोष्ट सुरू होते २०६८ साली, एका सुट्या स्क्रूने प्रवासी यान फोडल्यामुळे, त्यात त्याच विभागातल्या युरीची बायको जाते. जहाज गुरूकडे निघालं तरी असे स्क्रू कोणीतरी वेचायलाच हवेत. मालिका २००४ मध्ये संपली. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये सायबेरियावर इरिडियम आणि कॉसमॉस हे दोन उपग्रह खरोखरच आदळले आणि हजारो तुकडे कक्षेत विखुरले. तेव्हापासून मला फी खोटी वाटतच नाही.

आणि एक सांगू? तू सहा-सहा महिने समुद्रावर असतोस. वहिनी इथे दिवस मोजते, ते मी पाहतो. हाचिमाकीची सात वर्षं तुला गुळमुळीत वाटली याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. घरी आलास की तो शेवटचा भाग वहिनीला सोबत घेऊन बघ. “उन्” येईल तिथे तिच्याकडे बघ आणि मग मला लिही.

तुझा,
अभय