बिलावर स्विच, खोक्यात राउटर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्विचऐवजी राउटर बसवल्याबाबत तक्रार

महोदय,

नाशिकच्या भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. खाली गल्ल्यापाशी बिलिंगचे दोन संगणक आणि इंटरनेटचा राउटर. माडीवर हिशेबाचा मुख्य संगणक, आणखी एक संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. माडीवरची यंत्रे केबलने एकमेकांना आणि खालच्यांना जोडायला आपल्याकडून ८ पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या आठ जागांचा, स्विच मागवला. बिलावर तसेच लिहिले आहे, पैसेही त्याचेच दिले. बसवला मात्र वायफाय राउटर.

त्या दिवसापासून खालच्या संगणकांना माडीवरचा हिशेब दिसेनासा झाला. आपला कारागीर तीनदा आला. दर वेळी मोबाइलवर काहीतरी उघडून म्हणायचा, "काका, नेट चालू आहे ना? मग झालं!" अहो, नेट दोन्हीकडे चालूच होते, ती तक्रार नव्हतीच. पाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीच्या तांब्यांसाठी दारात गर्दी आणि मी उधारी विचारायला जिना चढतोय-उतरतोय. साठीत हे शोभत नाही.

शेवटी भाच्याने पाच मिनिटांत दाखवले. खालच्या संगणकांचे नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) १९२.१६८.१ ने सुरू होत होते, वरच्यांचे १९२.१६८.० ने. म्हणजे एका दुकानाची दोन घरे झाली होती. राउटरचे कामच ते, दोन वेगळी नेटवर्क जोडायची. आणि घरगुती राउटर आपल्या मागच्या यंत्रांना बाहेरून कोणाला थेट गाठू देत नाही. आमचे गल्ल्यावरचे संगणक त्याच्या लेखी बाहेरचे! स्विच एकाच नेटवर्कमध्ये राहतो, कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे ते लक्षात ठेवतो आणि ज्याचे त्यालाच पोचवतो.

हे सांगितल्यावर कारागीर म्हणाला, "मग हब लावून देतो, सगळं एकच असतं." एकच कसे? हब एकाचा निरोप सगळ्यांच्या दारात टाकतो, दोघे एकदम बोलले की टक्कर. आम्ही पितळेच्या बिलावर जर्मनचे पातेले दिले तर गिऱ्हाईक ऐकून घेईल का?

भाच्याने तात्पुरता उपाय केला: खालून आलेली केबल राउटरच्या वॅन पोर्टातून (बाहेरचे नेट घ्यायची जागा) काढून लॅन पोर्टात (आपली यंत्रे जोडायची जागा) घातली, त्याची यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय बंद केली. हिशेब दिसू लागला. पण लॅन पोर्ट चारच. एक त्या केबलने अडवला, त्यामुळे रेकॉर्डर बाहेर राहिला आणि दुकानातले कॅमेरे मला घरून दिसत नाहीत.

सात दिवसांत बिलाप्रमाणे ८ पोर्टचा स्विच बसवून द्यावा आणि हा राउटर परत न्यावा. जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. येणाऱ्या माणसाला स्विच आणि राउटर यांतला फरक माहीत असावा, एवढी खबरदारी घ्यावी. बिलाची प्रत आणि बसवलेल्या यंत्राचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक
भांडी बाजार, नाशिक