बेळगावच्या रविवार पेठेतल्या अण्णांना, खातं चुक्ता झाल्यावर

अण्णा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाईलवर पोचेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय. तोंडावर आभार मानायला मी दोनदा आले होते. दोन्ही वेळा कानडीत "बिडरी अक्का", म्हणजे "राहू द्या हो अक्का", म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतलीत. आता चारचौघांत लिहितेय, म्हणजे मध्येच उठून जाता येणार नाही.

2020 चा पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देश बंद. आम्ही गुढी उभारली, पण घरातल्यांचं लक्ष सगळं पडवीकडं. तिथं तुमच्याच दुकानातनं आणलेला माल रचून ठेवलेला: तांदळाची आठ पोती, तेलाचे पंधरा किलोचे अठरा डबे, साखरेची चार पोती, डाळी, रवा, पत्रावळ्यांचे गठ्ठे. अकरा लग्नांच्या आणि दोन मुंजींच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. माल सगळा उधारीचा. ॲडव्हान्स आला तसा टेम्पोच्या हप्त्यात आणि नव्या पातेल्यांत गेला होता. मग एकेकाचे फोन सुरू झाले, "वैनी, लग्न पुढं ढकललंय, पैसे तेवढे परत करा." त्यांचं तरी काय चुकलं? त्या वैशाखात बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ निघाले नाहीत, तिथं वराती कुठनं निघणार. ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते थांबवायची मुभा मिळाली, पण व्याज चालूच राहतं हे टेम्पोच्या फायनान्सवाल्यानं नीट सांगितलं नाही. ते मला मागाहून भोवलं.

एप्रिलमध्ये सकाळच्या सवलतीत मी शहापूरहून चालत तुमच्याकडं आले. काय बोलायचं ते वाटेत घोकत आले होते. तुम्ही बोलूच दिलं नाही.

"डबे फोडलेत काय?"

"नाही."

"मग परत आणा. साखर पण आणा. तांदूळ राहू दे, बासमती जुना झाला तर चांगलाच." आणि मग चष्म्यावरनं बघत, "भाकरी येते की फक्त जिलेबीच?"

धान्याच्या गाड्यांना बंदी नव्हती, पण हायवेवरचे ढाबे बंद होते. हुबळीकडनं आलेला ड्रायव्हर तुमच्या दारात पोती उतरवायचा आणि पाणी पिऊन निघायचा. पेठेतल्या हमालांचं चहा-भजीचं दुकानही बंद. तुम्हाला त्यांच्यासाठी रोज जेवणाचे साठ डबे पाहिजे होते. मी डब्याला चाळीस रुपये सांगितले. तुम्ही पन्नास म्हणालात. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी माझा दर पाडून मागितला, चढवून मागणारे तुम्ही एकटेच. आणि लगेच हिशेब केलात: पंचवीस खात्यात, पंचवीस हातात. मी म्हटलं, सगळे उधारीत वळते करा. तर तुम्ही विचारलंत, "आणि चूल कशावर पेटवणार?"

साठ डब्यांना तीन-तीन म्हणजे एकशेऐंशी भाकऱ्या. वडगावातल्या दोघी जणी आल्या. त्यांच्या घरचे माग बंद पडले होते, सूत येत नव्हतं की साड्या उचलल्या जात नव्हत्या. भाकऱ्यांचं त्यांनी निभावलं. घोळ झाला तो आमटीत. आमचे आचारी चंदगड तालुक्यातले. एरवी मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासात येणारा माणूस, राज्याच्या हद्दीवर शिनोळीच्या पलीकडंच अडकला. मी स्वतः ओगराळं हातात घेतलं. पाचशेच्या पंगतीचा अंदाज डोळ्यात बसलेला. मुठीनं मीठ पडलं ते पडलंच. आचाऱ्यांना फोन लावला, तर ते हसून म्हणाले, "साठ माणसं म्हणजे लग्न नव्हे, घरातलं जेवण हाय. चमचा घ्या." तुमच्या हमालांनी एक शब्द वाकडा बोलला नाही, फक्त "आज पाणी लै लागलं" एवढाच निरोप आला. तुम्ही तर तेवढंही बोलला नाहीत. पण दुसऱ्या दिवशीच्या माझ्या यादीतलं "मीठ दोन किलो" खोडून "एक" केलंत. ती चिठ्ठी अजून माझ्या डब्यांच्या कपाटात चिकटवलेली आहे.

दुसरी लाट आली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्याला सगळं जमतंय. आचारीही महाराष्ट्रातनं यायचे तर आरटीपीसीआरचा कागद खिशात घालूनच यायचे. 27 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून पुन्हा बंद, मग खरेदीला सकाळी सहा ते दहा. मे महिन्यात आमचे हे पॉझिटिव्ह आले. सतरा दिवस आमच्या चुलीवर पेज आणि काढ्याशिवाय काही चढलं नाही. तुमचे डबे बंद. त्या सतरा दिवसांत दुसऱ्या एकानं तुम्हाला चाळीसनं डबा देऊ केला होता, हे मला पुढं हमालमामांकडनं कळलं. "आमचा डबा ठरलाय" एवढंच तुम्ही त्याला सांगितलंत म्हणे, आणि हमाल तितके दिवस घरनं भाकरी बांधून आले. 14 जूनला राज्यात बऱ्याच ठिकाणी सवलत मिळाली, आपला जिल्हा राहिलेल्या 11 मध्ये होता. त्या आठवड्यातच मी पुन्हा तवा ठेवला. तेलाचा भाव तोवर कुठल्या कुठं गेला होता. तुम्ही मागच्या खोलीतनं सहा डबे काढलेत, जुन्या दराचे, माझ्या नावाची चिठ्ठी लावलेले. ते कधी बाजूला ठेवलेत ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. त्या वर्षीच्या हरभराडाळीत खडे होते. पुरणाच्या वेळी दात वाचला माझा.

तुमच्या वहीचं लिखाण सगळं कानडीत. मला ते वाचता येत नाही, म्हणून तुम्ही दर शनिवारी बोट ठेवून वाचून दाखवायचात. "बाकी" हा शब्द तुमच्यात आणि आमच्यात एकच, त्यामुळं तो तेवढा माझ्या कानावर लगेच आदळायचा. 2022 च्या फेब्रुवारीत शेवटचे पैसे ठेवले, तेव्हा तुम्ही माझ्या पानावर तिरकी रेघ ओढलीत, खाली काहीतरी लिहिलंत आणि वाचलंत, "चुक्ता". तोही शब्द एकच निघाला. मी रडवेली होऊन उभी, आणि तुम्ही नोटा दुसऱ्यांदा मोजताय. बरोबरच आहे म्हणा, एक नोट जास्त आली होती. ती तुम्ही परत दिलीत.

बरं, आता कामाचं. या वैशाखात सात लग्नं घेतली आहेत, आचारी आहेत, वडगावच्या दोघी आता माझ्याकडं पगारावर आहेत. यादी सोमवारी पाठवते. बासमती जुना काढून ठेवा, हरभराडाळ चाळून द्या. आणि मीठ दोन किलो लिहिलंय, ते खोडू नका. या वेळी खरंच पाचशेची पंगत आहे.

तुमची,
शहापूरची डबेवाली अक्का