चेहरा जुळला नाही म्हणून बाळाचा आहार अडवू नका

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी अंगणवाडी सेविकांच्या कामावर देखरेख करणारी निवृत्त मुख्यसेविका. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरपोच आहार (घरी नेण्याची पाकिटं) देताना पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवणं केंद्राने सक्तीचं केलं आहे, त्याविषयी लिहिते आहे.

आधी आधार क्रमांक, मग ओटीपी, मग फोटो. त्यानंतर आहाराची पाकिटं देताना तोच चेहरा पुन्हा कॅमेऱ्यासमोर. ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा ऊसतोडीला. बाळ लहान असेल तर नोंद आईच्या चेहऱ्याची. आई मजुरीला गेली की नातवाला कडेवर घेऊन आजी येते. तिला गाव ओळखतं, फोन ओळखत नाही.

हे तंत्र दोन फोटोंमधलं साम्य मोजतं. किती साम्य म्हणजे ‘जुळलं’, ही रेघ माणसानेच आखलेली असते. ती सैल केली तर खोटा आत येतो, कडक केली तर खरा बाहेर राहतो. बाळंतपणानंतर सुकलेली बाई, अंधारी खोली, जुना मोबाइल, एवढंही पुरतं. नकार फोनचा असतो, पण तो बोलून दाखवावा लागतो सेविकेला. त्याच बाईचं गरोदरपणात वजन घेणारी, तिच्या बाळाच्या दंडाचा घेर मोजणारी ती. तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला आपल्याला काय अडचण आहे?

बोगस नावं असतात. रजिस्टरं तपासताना मी स्वतः कापली आहेत, घरोघर जाऊन, खात्री करून. पण सहा महिन्यांपुढच्या बालकाला आणि गरोदर, स्तनदा मातेला आहाराचा हक्क २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे. आधार नाही म्हणून कोणत्याही बालकाला योजनेचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं. मग आधारवरच उभ्या असलेल्या या पडताळणीपायी तो कसा नाकारता येईल?

सक्ती केंद्राची आहे, मला ठाऊक आहे. पण सेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी आपल्या खात्याचे आहेत. चेहरा जुळला नाही तरी सेविकेच्या सहीवर आहार द्यावा, असा लेखी आदेश काढा. तसा दिला म्हणून तिला नोटीस नको, मानधनात कपात नको. किती जणींचे चेहरे जुळले नाहीत आणि त्यांपैकी किती जणी रिकाम्या हाताने परतल्या, हे दर महिन्याला प्रकल्पनिहाय जाहीर करा. सुरुवात धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा या कुपोषणग्रस्त आदिवासी तालुक्यांपासून करा.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका